अकराशे रुपयांचं कोहळं

कोहळ्याची बोली वीस रुपयांपासून सुरू झाली होती. कापणीच्या सणाची उपासना नुकतीच आटोपलेली. वेदीपुढच्या सतरंजीवर चर्चच्या मंडळीनं आणलेलं सगळं मांडून ठेवलेलं: सोयाबीनची चुंगडी, तुरीच्या हिरव्या शेंगा, पहिल्या वेच्याचा ओंजळभर कापूस, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या, पाय बांधलेल्या दोन गावरान कोंबड्या आणि कुणाच्या तरी सुनेनं कुकरमध्ये भाजलेला केक. लिलाव पुकारणारा माणूस आमचा ठरलेला आहे, त्याला माइक लागत नाही. त्यानं कोहळं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, वीस म्हणाला, आणि पुरुषांच्या बाजूच्या पहिल्या बाकावरून मोठेबाबा पन्नास म्हणाले. पार मागून मामा म्हणाले, शंभर. दोनशे-तीनशेपर्यंत लोक हसत होते. पाचशेला हसू थांबलं. आठशेला पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मोठेबाबांनी अकराशे म्हटलं ते मान न वळवता, समोरच्या क्रूसाकडे बघत. मामांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि बाहेर जाऊन चपला शोधू लागले. खजिनदारानं पावती फाडली. त्या पावतीवर आधीच छापलेलं असतं, ‘उपकारस्तुतीचे अर्पण’.

त्या सणात सगळ्यात मोठी रक्कम त्या कोहळ्याचीच आली. चर्चच्या छपराची टिनं सडली आहेत, पावसाळ्यात बायकांच्या बाजूला दोन बादल्या ठेवाव्या लागतात. त्यामुळे जेवणाच्या पंगतीत सगळे खूश होते. चला, एक टीन तरी निघालं, असं कुणीतरी पुरीचा तुकडा रश्शात बुडवत म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी पण हसले असेन. पण नागपूरला परतताना बसमध्ये ती पावती डोळ्यांपुढून जाईना. दोन म्हातारी माणसं एकमेकांना खाली दाखवायला पैसे मोजतात, तो पैसा देवाच्या घरावर चढतो आणि त्याला आम्ही उपकारस्तुती म्हणतो. यात चुकलं कोण, हे मला धड सांगता येत नव्हतं. चुकलं काहीतरी होतं एवढं मात्र खरं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मामा आईचे चुलतभाऊ. दोघांची वावरं एकमेकांना लागून आहेत आणि मध्ये धुरा, म्हणजे बांध, आहे. ज्यांनी शेती पाहिली आहे त्यांना यापुढे काही सांगायची गरज नाही. वखराच्या प्रत्येक पाळीला धुरा चार बोटं इकडे सरकतो, पुढच्या वर्षी चार बोटं तिकडे. मग धुऱ्यावरची बाभूळ कुणी तोडली यावरून आवाज चढतो, मग बंडी जायची वाट काट्या टाकून अडवली जाते, मग तहसील. जमीन महसूल संहितेचं कलम 143 मोठेबाबांना तोंडपाठ आहे. धुऱ्यावरून वाट मागायचं ते कलम. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणताना ते मधल्या एका ओळीवर अडखळतात, कलमावर कधी अडखळत नाहीत. तारखेच्या दिवशी ते रविवारपेक्षा जास्त नीट तयार व्हायचे. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन, केसांना तेल, प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा आणि नकाशा. डोळ्यांत एक चमक असायची. भांडण माणसाला खातं असं आपण म्हणतो, पण पुष्कळांना ते जगवतंही, हे मी घरातच पाहिलं आहे. सकाळी उठायला एक कारण असतं त्यात.

या सगळ्यात माझ्या आईची फार पंचाईत. इकडे जेठ, तिकडे भाऊ. जेठांपुढे डोक्यावरचा पदर सावरायचा आणि राखीला भावाकडे जायचं, तेही घरात कुणाला न सांगता, बाजाराच्या पिशवीत लाडवांचा डबा खाली आणि वर मेथी ठेवून.

आमच्या गावाच्या वेशीवर एक पाटी होती. 15 ऑगस्ट 2007 ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, त्या काळात गावोगावी समित्या झाल्या, अध्यक्ष झाले, जुनी प्रकरणं बाहेर काढून मिटवली गेली. काही खरंच मिटली. गावाची दारूची, मारामारीची प्रकरणं त्यामुळे कमी झाली हे मी नाकारणार नाही. पाटीवर निळ्या अक्षरांत ‘तंटामुक्त गाव’ असं लिहिलेलं. आर्वीच्या बससाठी मोठेबाबा आणि मामा दोघंही त्याच पाटीखाली उभे राहायचे, एक पाटीच्या या खांबाशी, दुसरा त्या खांबाशी, दोघांची पाठ एकमेकांकडे. समितीच्या वहीत त्यांचं नाव नव्हतं. तेव्हा त्यांची केस थंडावलेली होती, मोजणी व्हायची होती, मारामारी कधीच झाली नव्हती.

अबोला लिहायला वहीत रकाना नसतो.

मंडळीतही नसतो. प्रभुभोजनाला दोघं येतात. कधी एकाच रांगेत गुडघे टेकायची वेळ आली तर मध्ये एखादं पोरगं ओढून घेतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, किती शांत मंडळी आहे ही. मलाही लहानपणी तसंच वाटायचं. आवाज नाही म्हणजे शांती आहे, असा हिशोब. संध्याकाळी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेचे सूर चौकातून आमच्या गल्लीपर्यंत यायचे, आमच्या घरी त्याच वेळी कौटुंबिक प्रार्थना असायची, आणि माझ्या बालमनात या दोन्हींचं मिळून एक चित्र होतं की गाव आता झोपायच्या आधी निवळून गेलं आहे. निवळलेलं काही नसायचं. सगळं तळाला बसलेलं असायचं.

माझी आजी मात्र तळाला काही बसू द्यायची नाही. ती भांडकुदळ म्हणून साऱ्या पंचक्रोशीत माहीत होती. बोरिंगवर तिचा पाण्याचा गुंड रांगेत असला की पुढच्या बाया आपोआप घाई करायच्या. नऊवारीचा काष्टा खोचून, एक हात कमरेवर, दुसरा हापश्याच्या दांड्यावर, अशी ती उभी राहिली की तिचा आवाज शाळेपर्यंत जायचा. मी वर्गात बसून खाली मान घालायचे. आणि ज्या आवाजात ती भांडायची त्याच आवाजात प्रार्थना करायची. हे परमेश्वरा बापा, असं तिनं सुरू केलं की देवानंही हातातलं काम बाजूला ठेवलं असेल. तिच्या भांडणाची कारणं बहुतेक वेळा खरी असायची. कुणी मापात मारलं, कुणी विधवेच्या वाटचं रेशन ढापलं, कुणी नंबर मोडला. ती खोट्यासाठी भांडायची नाही. गोष्ट इथेच अवघड होते. खोट्यासाठी भांडणाऱ्याला आपलं चुकतंय हे आतून कुठंतरी ठाऊक असतं. जो खऱ्यासाठी भांडतो त्याला थांबायला काही कारणच सापडत नाही.

तिच्यात बदल झाला तो कुठल्या उपदेशानं नाही. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून म्हातारपणी दुपारी मी तिला शास्त्र वाचून दाखवायचे. ती निंबाच्या सावलीत बाजेवर आडवी, मी खाली. एकदा चौतिसावं स्तोत्र चाललं होतं. त्यात शांतीचा शोध करायचा आणि तिच्या मागे लागायचं असं आहे. आजी उठून बसली. परत वाच म्हणाली. मी परत वाचलं. मग बराच वेळ ती काही बोलली नाही, तंबाखूची डबी उघडली, तशीच मिटली, आणि म्हणाली, “बरोबर हाये. दावं तोडून गेलेल्या गोऱ्ह्याच्या मांगं लागतो ना आपन, तसंच हाये ते. घरी बसून हाका मारून काई होत नाई. काट्याकुट्यातून पयावं लागते.” माझ्या आजवरच्या आयुष्यात मी पुष्कळ प्रवचनं ऐकली, काही फार विद्वान लोकांची. या वाक्याइतकं कामाचं क्वचितच हाती लागलं. त्यानंतर आजी भांडायची थांबली असं नाही. पण भांडण झालं की दुसऱ्या दिवशी ती त्या बाईच्या दारात जाऊन बसायची. माफी वगैरे शब्द तिच्या तोंडी नव्हते. नुसती बसायची, तूर निवडायला घ्यायची त्यांच्या सुपातली, आणि कालचा मुद्दा पुन्हा मांडायची, पण खालच्या आवाजात, फक्त तिच्याशी. कधी त्या बाईनं दार लावून घेतलं तर पायरीवर बसायची. आम्हाला लाज वाटायची. भांडताना वाटायची त्याहून जास्त वाटायची, हे आता आठवून नवल वाटतं.

बायबलमधल्या, फिलिप्पै शहरातल्या मंडळीतल्या दोन बाया मला आजीमुळेच आवडायला लागल्या. युवदीया आणि सुंतुखे. प्रेषित पौल तुरुंगातून पत्र लिहितो, पत्र भरल्या मंडळीत मोठ्यानं वाचलं जाणार हे त्याला माहीत आहे, आणि तरी दोघींची नावं घेऊन विनंती करतो की एकचित्त व्हा. दोघींनाही वेगवेगळी विनंती करतो, एकीला जास्त नाही, एकीला कमी नाही. भांडण कशावरून होतं ते लिहीत नाही. कुणाचं बरोबर होतं तेही नाही. आम्ही आज दोन हजार वर्षांनी वाचतो आणि पहिला प्रश्न तोच पडतो की झालं काय होतं? बाईंनो, सांगा तरी. पण पौलाला त्यात रस दिसत नाही. तो पुढे एवढंच म्हणतो की या दोघींनी सुवार्तेच्या कामात माझ्याबरोबर कष्ट केले आहेत आणि त्यांची नावं जीवनाच्या पुस्तकात आहेत. म्हणजे त्या कुणी हलक्या बाया नव्हत्या. कामाच्या होत्या, म्हणूनच त्यांचं भांडण लागत होतं. आणि तो तिसऱ्या एकाला सांगतो, नाव न घेता, माझ्या खऱ्या सोबत्या, तू यांना मदत कर.

या तिसऱ्या माणसावर मी पुष्कळ विचार केला आहे, कारण आमच्या गावात तिसऱ्या माणसाची कधीच कमतरता नव्हती. फक्त त्याचं काम वेगळं होतं. मामांच्या ओट्यावर चहा पिऊन मोठेबाबांच्या ओट्यावर पान खायला जाणारी माणसं. तो असं असं म्हणून राह्यला होता बावा, मले तर पटलं नाई, म्हून तुमाले सांगतो. येशूनं मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम घालून दिला आहे. भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जा, तो आणि तू दोघंच असताना सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा. तरी नाही तर मंडळीला कळव. आमच्याकडे हा क्रम बरोबर उलटा चालतो. आधी साऱ्या मंडळीला कळतं, मग एक-दोघांना खासगीत नीट समजावून सांगितलं जातं, आणि ज्याचा विषय आहे त्याला शेवटी, बहुधा वकिलाच्या नोटिशीतून. मोबाइल आल्यापासून मंडळीला कळवणं तर फारच सोपं झालं आहे. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी वचन येतं आणि दुपारी त्याच वचनानं कुणालातरी टोचलेलं असतं. नाव नसतं. ज्याला कळायचं त्याला कळतं.

पौल हे सगळं लिहितो ते काही उंचावर बसून नाही. त्याचं आणि त्याचा सोबती बर्णबाचं असं बिनसलं होतं की दोघं वेगवेगळ्या दिशांना निघून गेले. कारण एक पोरगा, मार्क. मागच्या फेरीत तो अर्ध्यातून परत गेला होता, पौल म्हणाला याला परत न्यायचं नाही, बर्णबा म्हणाला न्यायचं. प्रेषितांच्या पुस्तकात हे आहे तसं लिहून ठेवलं आहे, झाकलेलं नाही, याचं मला फार बरं वाटतं. आणि म्हातारपणी, शेवटच्या दिवसांत, तोच पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय झालं, कोण कुणाकडे गेलं, हे कुठेच नाही. कुणीतरी गेलं असणार. गोऱ्हा आपला आपण गोठ्यात येत नाही.

पण इथे मला एक कडू गोष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर हे सगळं गोडगोड होईल. आमच्या मंडळ्यांमध्ये शांती बहुतेक वेळा ज्याच्याजवळ काही नाही त्याच्याकडून मागितली जाते. नवरा दारू पिऊन मारतो म्हणून एक बाई वडीलजनांकडे गेली होती. मी तेव्हा कॉलेजात होते, ती आमच्या घरी येऊन रडली म्हणून मला ठाऊक. तिला सांगितलं गेलं, बहिणी, शांती धर, प्रार्थना कर, दुसरा गाल पुढे कर. नवऱ्याला कुणी काही सांगितलं असेल तर ते माझ्या कानावर आलं नाही. तेव्हापासून शांती हा शब्द मंडळीत कुणी मोठ्यानं उच्चारला की मी आधी बघते, तो कोण उच्चारतोय आणि कुणाला. ज्या येशूनं दुसरा गाल सांगितला, त्यालाच महायाजकापुढे एका शिपायानं चापट मारली तेव्हा तो गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरं बोललो असेन तर मारतोस का, असं त्यानं विचारलं. योहानानं ते लिहून ठेवलं आहे. त्यानं परत हात उचलला नाही आणि मारणाऱ्याला सोडलंही नाही. त्या बाईला कुणी हे का वाचून दाखवलं नाही?

म्हणून अब्राम आणि लोटाची गोष्ट मी आता वेगळी वाचते. लहानपणी संडेस्कूलमध्ये ती समजूतदारपणाची गोष्ट म्हणून शिकवली होती. गुराख्यांची भांडणं व्हायला लागली, जागा पुरेना, तेव्हा अब्राम म्हणाला, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. पण अब्राम चुलता होता. वयानं मोठा, मानानं मोठा, देवाचं वचन त्याला मिळालेलं. पहिली निवड त्याची. त्याच्याकडे सोडण्यासारखं काही होतं म्हणून त्यानं सोडलं. पुतण्याला त्यानं हे सोसायला सांगितलं नाही. त्याचा मुलगा इसहाक तर विहिरी सोडत गेला. एक खणली, गराराचे गुराखी म्हणाले पाणी आमचं. दुसरी खणली, पुन्हा तेच. तो पुढे सरकला आणि तिसरी खणली, तिच्यावर कुणी भांडलं नाही. पुस्तकात हे चार ओळींत संपतं. आमच्याकडच्या माणसाला चार ओळींत कळत नाही ते. वरची काळी माती संपली की पाषाण लागतो, सुरुंग लावावे लागतात, सरकारी अनुदानात अर्धी विहीर होते आणि उरलेल्या अर्धीसाठी बायकोच्या गळ्यातलं जातं. अशी विहीर, पाणी लागलेली विहीर, सोडून पुढे जायचं. ज्यानं आयुष्यात एकदाही विहीर खणली नाही त्यानं इसहाकावर प्रवचन करू नये असं माझं मत आहे. पण इसहाकाजवळही माणसं होती, गुरं होती, दुसरी विहीर खणायची ताकद होती. त्या देशातला राजाच त्याला म्हणाला होता की तू आमच्यापेक्षा फार प्रबळ झाला आहेस. प्रबळ माणसानं विहीर सोडली, म्हणून ती गोष्ट झाली.

मंडळ्याही कधीकधी सोडतात. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यासाठीची बोलणी 1929 पासून चालू होती. म्हणजे माणसं म्हातारी होऊन, मरून गेली तोवर ती चालली होती. बिशप असावा की नसावा, बाप्तिस्मा बाळाला द्यावा की मोठेपणी विश्वास कबूल केल्यावर द्यावा, हे साधे प्रश्न नव्हते. त्यावर युरोपात कधीकाळी जीव गेले होते. शेवटी बाप्तिस्म्याचं असं ठरलं की दोन्ही रीती राहतील. इथले मेथोडिस्ट अगदी शेवटी, त्याच वर्षी, बाहेर पडले. माझे आजोबा पुलगावहून पॅसेंजरनं तो सोहळा बघायला गेले होते. त्यांना भाषणं आठवत नसत. शेजारी उभा असलेला माणूस तेच गीत हिंदीत म्हणत होता आणि चाल जराशी वेगळी होती, त्यामुळे दर कडव्याच्या शेवटी एकाला दुसऱ्यासाठी थांबावं लागत होतं, एवढं ते सांगायचे, आणि थांबून दाखवायचे.

आणि एक झाल्यावर काय केलं? पुष्कळ चांगलं केलं. आणि पुष्कळ ठिकाणी मिशनच्या जागांवरून, शाळांवरून, विश्वस्त कोण यावरून कोर्टात गेले. हे फक्त एका मंडळीचं नाही, सगळ्यांचं आहे. धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज, त्यावर हरकत, हरकतीवर अपील. ख्रिस्ती माणसांच्या दोन बाजू, आणि दोन्ही बाजू तारखेला निघण्याआधी गाडीत प्रार्थना करतात. करिंथच्या लोकांना पौलानं विचारलं होतं की भाऊ भावावर फिर्याद करतो, तीही अविश्वासणाऱ्यांपुढे, त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही, लुबाडले का जात नाही? हा अध्याय आमच्याकडे कधी वाचला गेल्याचं मला आठवत नाही. वाचला तर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीचा कोरम पुरा होणार नाही.

मोठेबाबांची मोजणी शेवटी झाली. भूमी अभिलेखचा माणूस मशीन घेऊन आला, दिवसभर उन्हात फिरला, खुणा रोवून गेला. खरी हद्द दोघं सांगत होते तिथे नव्हतीच. एका टोकाला मोठेबाबांचं गेलं, दुसऱ्या टोकाला मामांचं, वजाबाकी केली तर कुणाचं फारसं काही गेलं-आलं नाही. मला वाटलं, आता संपेल. संपलं नाही. इतकी वर्षं जी गोष्ट धरून ठेवली ती नकाशानं चुकीची ठरवली म्हणून हातातून सुटत नाही, उलट हात जास्त आवळतो. कोहळ्याचा लिलाव त्या मोजणीनंतरचा. वाट अडवायचं बळ मात्र मोठेबाबांकडेच राहिलं, कारण मामांच्या वावरात जायची सोयीची वाट त्यांच्या वावरातून आहे. पांदण, म्हणजे शेतात जायची गाडीवाट, आहे, पण ती नावाची.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. तुझ्या मनात त्याच्याविषयी, असं तो म्हणत नाही, त्याच्या मनात तुझ्याविषयी. हिशोबच पलीकडच्या बाजूचा. त्या दिवशी हे खरोखर पाळलं असतं तर लिलाव झालाच नसता. आम्ही अर्धेअधिक लोक उठून गावात कुणाच्या ना कुणाच्या दाराकडे निघालो असतो, कोंबड्या तिथेच ओरडत राहिल्या असत्या. माझ्याही यादीत एक दार होतं. पाळकसाहेबांना हे वचन ठाऊक नव्हतं असं नाही. पण टिनं सडली होती, आणि पाळकाचा पगार मंडळीच्या वर्गणीतून होतो. त्यांच्यावर रागावणं मला जमलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी गावी गेले तेव्हा झड लागलेली होती. सोयाबीनची पेरणी बऱ्याच जणांची खोळंबलेली. पांदणीत मामांचा ट्रॅक्टर दोन दिवस फसून होता, चाकाला काळी माती अशी धरलेली की चाक कुठलं आणि चिखल कुठला कळत नव्हतं. जरा उघडीप मिळाली, आणि मोठेबाबांनी आपल्या गड्याला सांगितलं म्हणे, काट्या काढ, येऊ दे त्याले. एवढंच. मामा त्यांच्या वावरातून ट्रॅक्टर घेऊन गेले, पेरणी करून त्याच वाटेनं परत आले. दोघं बोलले नाहीत. मला आईनं सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती आणि चिरता चिरता थांबली होती.

मी मोठेबाबांकडे गेले. ते ओसरीत बसून युरियाच्या रिकाम्या थैल्या घडी घालत होते. म्हटलं, मोठेबाबा, तुम्ही वाट दिली म्हणे?

“वाट कायची? त्याच्या पेरनीले उशीर होऊन राह्यला होता. बी सडलं असतं घरी.”

मग थोड्या वेळानं, थैली झटकत, “कपाशीचे दोन तासं तुडवले त्यानं माहे. सरकी उगवून वर आली होती, चांगली दोन बोटं. सारी चाकाखाली.”

मी विचारलं, मग आता? सांगणार का पंचकमिटीत?

“सांगीन ना. सोडतो काय मी?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पन त्याले सांगीन. एकट्याले. रविवारी चर्चातून निंगाल्यावर, तो चपला घालते ना तेवा. पंचकमिटीले काय करायचं हाये? त्याईचे तासं तुडवले का?” आणि पुढे, आवाज एकदम चढवून, “आन् तो ट्रॅक्टरवाला पोट्टा आहे ना त्याचा, त्याले तर मी सोडतच नाई. वळवता येत नाई धड, आन् गाने लावून हाकते!”